धुरात हरवलेली मुलं

मैत्रिणींनो, चुलीच्या धुराबद्दल आपण या कार्यक्रमात बरेचदा बोललो आहोत. आज बोलणार आहोत इंडोनेशियातल्या वणव्यांच्या धुराबद्दल आणि तो आभाळातून मोजणाऱ्या एका यंत्राबद्दल. गोष्ट १९९७ सालची आहे.

त्या वर्षी एल निनोमुळे तिकडचा पाऊस लांबला. सुमात्रा आणि बोर्निओ बेटाचा इंडोनेशियाकडचा भाग, म्हणजे कालिमंतान, इथे पामतेलाच्या मळ्यांसाठी झाडी पेटवून जमीन मोकळी करत. आपल्याकडे उसाचं पाचट पेटवतात तसंच म्हणा, पण कितीतरी मोठ्या पसाऱ्यावर. त्यात तिथली बरीच जमीन पीटची. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेला, अर्धवट कुजलेला झाडपाला. ओला असेतो तो पेटत नाही. पण मध्य कालिमंतानात सरकारने भातशेतीच्या योजनेसाठी कालवे खणून पाणी काढून टाकलं होतं. मग आग जमिनीच्या पोटात शिरली. वरून विझलेली दिसली तरी खाली धुमसत राहिली. सप्टेंबरात शेजारच्या मलेशियाला सारावाक राज्यात आणीबाणी जाहीर करावी लागली. नोव्हेंबरात पाऊस आला, तेव्हा कुठे धूर बसला.

धूर कुठे, किती दाट आणि किती दिवस होता? जमिनीवर हवा मोजणारी यंत्रं मोजकीच होती. उत्तर वरून आलं, तेही भलत्याच कामासाठी केलेल्या यंत्राकडून. टॉम्स नावाचं हे उपकरण अमेरिकेच्या नासाने १९७८ मध्ये निंबस-७ उपग्रहावरून पाठवलं ते ओझोन मोजायला. पृथ्वीकडून परतणारे अतिनील किरण ते मोजायचं. स्वच्छ हवा हे किरण भरपूर विखुरते. धूर आणि वाळवंटी धूळ ते गिळून टाकतात. त्यामुळे जिथे धूर असेल तिथे किरणांचा हिशेब कमी भरायचा. ओझोनच्या कामात ही अडचणच होती. नव्वदच्या दशकात शास्त्रज्ञांनी नेमका हाच फरक वेगळा काढून वाचला आणि धुराचा रोजचा नकाशा हाती आला. धान्य चाळल्यावर चाळणीत उरतं ते आपण फेकून देतो; इथे उरलेलंच कामाला आलं. १९९६ मध्ये टॉम्स घेऊन नवा उपग्रह गेला होता, म्हणून १९९७ चा धूर दिवसागणिक नोंदला गेला.

पण नकाशात माणसं दिसत नाहीत. पोटातलं बाळ गेलं, तान्हं दगावलं, तर त्याची सरकारी नोंद होईलच असं नव्हतं. सीमा जयचंद्रन या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी उलटा रस्ता धरला. २००० सालच्या खानेसुमारीत कोणत्या भागात, कोणत्या महिन्यात जन्मलेली किती मुलं हयात आहेत ते त्यांनी काढलं आणि टॉम्सच्या नकाशाशी ताडून पाहिलं. जिथे धूर दाट, तिथे त्या महिन्यांची मुलं कमी भरली. २००९ मध्ये त्यांचा लेख छापून आला. त्यातला हरवलेल्या मुलांचा अंदाज आहे १५,६००, म्हणजे त्या काळातल्या बाळांपैकी १.२ टक्के. मुख्य घाव आई गरोदर असताना बसलेला होता आणि गरीब भागात तो कितीतरी खोल होता.

टॉम्सला उंचावरचा धूर ठळक दिसायचा, जमिनीलगतचा, म्हणजे आपण श्वासात घेतो तो, फिका दिसायचा. तेव्हा कौतुक एकट्या उपग्रहाचं करू नये, असं आम्हाला वाटतं. दारात आलेल्या गणनेच्या माणसाला घरोघरच्या बायकांनी आपल्या मुलांचे जन्ममहिने सांगितले, त्या कागदांवाचून हा आकडा निघालाच नसता.

२००२ मध्ये आग्नेय आशियातल्या देशांनी या धुराबाबत करार केला. इंडोनेशियाने त्याला मान्यता दिली २०१४ मध्ये. पुढच्याच वर्षी पुन्हा एल निनो आला, पुन्हा सुमात्रा-कालिमंतानातलं पीट पेटलं, आणि तोही धूर उपग्रहांनी रोजच्या रोज टिपला.