हुरडा पार्टी घरच्या घरी कशी करायची? गॅसवर भाजण्यापासून चटण्या आणि लाडवांपर्यंत सगळं सोप्या भाषेत

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की मराठवाड्यातल्या मोबाईलवर एकच फोटो फिरायला लागतो. शेतातली आगटी, भोवती बसलेली माणसं आणि तळहातावर वाफाळते हिरवे दाणे. छत्रपती संभाजीनगरच्या आसपासच्या शेतांवरही या दिवसांत हुरडा पार्ट्या रंगतात.

पण प्रत्येकालाच शेतावर जायला जमतं असं नाही. कुणाला सुट्टी मिळत नाही, कुणाच्या घरी आजी-आजोबांना प्रवास झेपत नाही, तर कुणाला आठ-दहा माणसांचा खर्च परवडत नाही. अशा वेळी फ्लॅटमध्ये, साध्या गॅसवर हुरडा पार्टी होऊ शकते का? होऊ शकते. फक्त हुरड्याच्या वेळेचं गणित समजून घ्यावं लागतं.

हुरडा म्हणजे नेमकं काय?

हुरडा म्हणजे ज्वारीचे कोवळे, दुधाळ दाणे. रब्बी ज्वारी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पेरली जाते. कणीस बाहेर पडल्यावर दाणा आधी चिकात असतो, म्हणजे दाबला की पांढरं दूध निघतं. पुढे हा चीक घट्ट व्हायला लागतो, पण दाणा अजून हिरवा आणि मऊ असतो. यालाच ‘ज्वारी हुरड्यात आली’ असं म्हणतात. पेरणीपासून इथपर्यंत यायला साधारण तीन महिने लागतात. त्यामुळे परतीच्या पावसाने पेरणी लांबली, की हुरडाही लांबतो.

या अवस्थेत दाण्यात साखर जास्त असते. दाणा पिकत जातो तसं या साखरेचं स्टार्चमध्ये रूपांतर होतं. म्हणून हुरडा गोड लागतो आणि तीच ज्वारी पुढे भाकरीची होते. एका शेतात हा गोडवा जेमतेम काही दिवसच मिळतो.

कोणता हुरडा घ्यायचा?

सुरती, गुळभेंडी, कुचकुची, काळी दगडी ही हुरड्याच्या पारंपरिक वाणांची नावं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले मधुर’ आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा ‘परभणी वसंत’ हे खास हुरड्यासाठीचे वाण आहेत. चांगल्या वाणाचे दाणे गोड असतात आणि चोळल्यावर बोंडातून सहज सुटतात.

बाजारात वाण ओळखता आला नाही तरी दाणा ओळखता येतो. एक दाणा नखाने दाबून बघा. पाणीदार दूध उडालं तर तो जास्त कोवळा आहे. नख रुतलंच नाही तर तो निबर झाला आहे. घट्टसर, सायीसारखा गर निघाला तर लगेच घ्या.

आठ माणसांसाठी सोललेले एक किलो दाणे पुरतात. शक्यतो पार्टीच्या दिवशी सकाळीच आणा. आदल्या दिवशी आणावा लागला तर पिशवीचं तोंड थोडं उघडं ठेवून फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर ठेवलेला हुरडा गोडवा हरवतो, आणि ढिगात राहिला तर गरम होऊन आंबूस होतो. असा वास आला तर तो खाऊ नका.

हुरडा महाग का वाटतो?

भाकरीच्या ज्वारीचा भाव डोक्यात ठेवून गेलं तर हुरडा महाग वाटतो. पण त्याची कणसं हाताने निवडून खुडावी लागतात. ती भाजून, चोळून दाणे काढावे लागतात. हे सगळं त्या मोजक्या दिवसांतच करायचं असतं. विकला गेला नाही तर हिरवा दाणा फार काळ ठेवताही येत नाही. त्यामुळे घासाघीस करताना या मेहनतीचाही विचार व्हायला हवा.

गॅसवर कसा भाजायचा?

शेतात आगटी करतात. जमिनीत छोटा खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवतात आणि निखाऱ्यांच्या आरावर कणसं भाजतात. घरी दोन पर्याय आहेत.

कणसं मिळाली तर: गॅसवर पापडाची जाळी ठेवा. मध्यम आचेवर कणीस फिरवत तीन-चार मिनिटं भाजा. वरची बोंडं काळसर झाली की कणीस जाड सुती कापडात गुंडाळून चोळा. दाणे सुटले की सुपात पाखडून घ्या.

मोकळे दाणे असतील तर: लोखंडी तवा किंवा कढई चांगली तापवा. एका वेळी दोन मुठीच दाणे टाका. मिठाच्या पाण्याचा हबका मारून चार-पाच मिनिटं परता. दाण्यांवर तपकिरी ठिपके आले की उतरवा. सगळे दाणे एकदम टाकले तर ते भाजण्याऐवजी वाफेवर शिजतात आणि मऊ पडतात.

एक काळजी मात्र नक्की घ्या. कोळशाची शेगडी पेटवायची असेल तर ती मोकळ्या गच्चीवर किंवा अंगणातच. बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत नको. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला वास नसतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. पार्टी संपल्यावर ऊब मिळावी म्हणून धुमसती शेगडी घरात आणू नका.

सोबत काय काय हवं?

शेंगदाण्याची चटणी: १ वाटी भाजून सोललेले शेंगदाणे, ८ लसूण पाकळ्या, १ चमचा जिरे, २ चमचे लाल तिखट आणि मीठ. मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. सलग फिरवला तर तेल सुटून गोळा होतो.

जवसाची चटणी: १ वाटी जवस तडतडेपर्यंत भाजा. गार झाल्यावर ६ लसूण पाकळ्या, दीड चमचा तिखट, अर्धा चमचा जिरे आणि मीठ घालून भरडसर वाटा.

ठेचा: १० हिरव्या मिरच्या आणि ८ लसूण पाकळ्या १ चमचा तेलावर परता. २ चमचे शेंगदाणे आणि मीठ घालून खलबत्त्यात ठेचा.

याशिवाय घट्ट दही, गुळाचे खडे, बोरं, पेरूच्या फोडी आणि उसाची गंडेरी ठेवली की ताट भरलं.

मुलांसाठी हुरड्याची भेळ

३ वाट्या भाजलेला हुरडा, १ बारीक चिरलेला कांदा, १ टोमॅटो, अर्धी वाटी डाळिंबाचे दाणे, कोथिंबीर, मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस. वरून १ वाटी शेव. शेव अगदी शेवटी घाला, नाहीतर नरम पडते.

पोटभरीसाठी हुरड्याचं थालीपीठ

२ वाट्या कच्चे हुरड्याचे दाणे पाणी न घालता भरड वाटा. त्यात १ वाटी ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, १ बारीक चिरलेला कांदा, २ मिरच्यांचा ठेचा, १ चमचा तीळ, पाव चमचा हळद, कोथिंबीर आणि मीठ घाला. दाण्यांचा ओलावा असतो, म्हणून पाणी लागेल तसं, चमच्या-चमच्याने घाला. ओल्या कापडावर थापा, मध्ये भोक पाडा आणि तेल सोडून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा. साधारण आठ लहान थालीपीठं होतात.

वाटायला शेंगदाण्याचे लाडू

२ वाट्या भाजून सोललेले शेंगदाणे मिक्सरमधून भरड काढा. १ वाटी चिरलेला मऊ गूळ आणि अर्धा चमचा वेलची पूड घालून पुन्हा दोनदा फिरवा. १ चमचा तूप घालून लाडू वळा. पाक नाही, गॅस फक्त दाणे भाजण्यापुरता. कोरड्या डब्यात आठवडाभर आरामात टिकतात. कुणाला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे का, हे मात्र देण्याआधी विचारा.

कधी काय करायचं?

दोन दिवस आधी: लाडू आणि दोन्ही कोरड्या चटण्या करा. चटण्यांत कच्चा लसूण आहे, त्यामुळे त्या फ्रिजमध्ये ठेवा.

आदल्या रात्री: दही लावा.

त्या दिवशी सकाळी: हुरडा आणा, निवडा. ठेचा करा, थालीपिठाचं साहित्य चिरून ठेवा.

पाहुणे आल्यावर: हुरडा भाजा. त्याआधी नाही.

उरलेल्या हुरड्याचं काय?

कच्चे दाणे उरले तर हवाबंद पिशवीत भरून फ्रीजरमध्ये ठेवा. ते पुढे थालीपीठ, उसळ किंवा उपम्यासाठी वापरता येतात. गावाकडे भाजलेला हुरडा कडक उन्हात खडखडीत वाळवून ठेवतात आणि नंतर भिजवून त्याची उसळ करतात.

शेजाऱ्यांना काय पाठवायचं?

लाडू पाठवा, चटणीची वाटी पाठवा. दोन्ही टिकतात आणि डब्यातून नीट जातात. भाजलेला हुरडा मात्र डब्यात भरू नका. तो वाफेने ओला होतो आणि गार झाला की चिवट लागतो. ज्यांना हुरडा खाऊ घालायचा आहे त्यांना घरीच बोलवा. एकाने तव्यापाशी उभं राहायचं, बाकीच्यांनी गरम गरम खायचं आणि दर घाण्याला भाजणारा बदलायचा. नाहीतर सगळ्यांची पार्टी होते आणि घरातली एक बाई संध्याकाळभर गॅसपाशीच उभी राहते.