अध्यापनपाठाची परीक्षा आणि काठीचें मूल

शिक्षकांस आधीं शिकवावें व मग शाळेंत धाडावें, ही कल्पना मुंबई इलाख्यांत बरीच जुनी आहे. कॅप्टन जॉर्ज जार्व्हिस याच्या देखरेखीखालीं तयार झालेले 24 शिक्षक 1826 सालीं कामावर रुजू झाले. पुढें 1845 सालीं अध्यापनवर्गाची धुरा बाळशास्त्री जांभेकर यांजकडे आली. दुसऱ्याच वर्षीं ते निवर्तले.

परंतु असा तयार झालेला शिक्षक खेड्यांत गेल्यावर कसा उतरला, याचा कसोशीनें शोध घेणारा कागद म्हणून जोतीराव फुले यांनीं 1882 सालीं हंटर साहेबांच्या शिक्षण-आयोगापुढें केलेल्या निवेदनाकडेच पाहावें लागतें. प्राथमिक शाळांतील बहुतेक शिक्षक ब्राह्मण असून त्यांतील थोडेच अध्यापनशाळेंतून आलेले, पगार क्वचितच 10 रुपयांवर, आणि त्यांच्या हाताखालीं मुलांस निरुद्योगी वळण लागतें, असें त्यांत म्हटलें आहे. शिक्षक शक्यतों शेतकरी वर्गांतील असावेत, म्हणजे त्यांस लोकांत मिसळतां येईल. पगार 12 रुपयांहून कमी नसावा. गांवचे हिशेब तपासणें, टपाल सांभाळणें अशीं कामेंही त्यांजकडे द्यावींत, हा त्यांचा आग्रह. निकालावर वेतन देण्याची पद्धत गरीब लोकांत चालणार नाहीं, हेंही त्यांनीं स्पष्ट सांगितलें. मला यांत विशेष वाटतें तें हें कीं, त्यांनीं प्रशिक्षणाचें मोल पाठाच्या सफाईवरून केलें नाहीं, मुलाच्या वागणुकीवरून केलें.

हें माप सातपुड्यांत नेऊन पाहावें. काठी हें मेवाशी संस्थानांपैकीं एक; आज नंदुरबार जिल्ह्यांतील अक्कलकुवा तालुक्यांत असून राजवाडी होळीसाठीं विख्यात आहे. तेथील आदिवासी मुलांची घरची बोली भिल्ली कुळांतली. ग्रियर्सननें आपल्या भाषा-पाहणीच्या 1907 च्या खंडांत भिल्ली बोली मराठीपासून वेगळ्या मांडल्या आहेत. आतां अध्यापनशाळेंतला नमुनापाठ पुणेरी मुलांपुढें कितीही रंगला, तरी काठीच्या पाड्यावर तोच प्रश्न विचारतांच वर्ग मुका बसतो, आणि तपासनीस लिहितो: मुलें मंद. वस्तुतः मंद ठरावयास हवा पाठ. पाठाची परीक्षा करावयाची तर तासानंतर मुलास त्याच्याच बोलींत विषय सांगावयास लावावें. परंतु ऐकणाऱ्यास ती बोली यावयास नको काय? असा परीक्षक बहुधा काठी, मोलगी याच भागांतून मिळावयाचा. तेव्हां तेथील तरुणांस अध्यापक विद्यालयांत प्रवेश मिळतो कीं नाहीं, हें आधीं पाहावें; पाठाच्या गुणांचा तक्ता मागाहून.