कोरफड आणि सबुरी

उल्हासनगरात बागेला जागा नाही, पण कोरफडीला आहे. तेलाचा कापलेला डबा, बूड गेलेली बादली, गॅलरीच्या कठड्यावरचं जुनं पातेलं, एवढ्यात ती सुखानं राहते. आमच्या घरीही ती डब्यातच वाढली. आई तिला कोरफड म्हणे. शेजारच्या सिंधी मावशी म्हणत घीकुंवार. आणि हकीमसाहेब चिठ्ठीवर लिहीत ‘मुसब्बर’. मुसब्बर म्हणजे कोरफडीच्या पानातला आटवून वाळवलेला कडू रस. मुरगळलेल्या पायावर आपण लेप देतो तो काळा बोळ हाच.

या तिसऱ्या नावात मोठा इतिहास आहे. अरबीत धीराला सब्र म्हणतात आणि कोरफडीचं नावही त्याच धातूतलं. हाच सब्र मराठीत ‘सबूर’ झाला. शिर्डीची ‘सबुरी’ तीच. एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाचं इजिप्तवरचं पुस्तक १८३६ मध्ये आलं. कैरोत नव्या घराच्या दारावर कोरफड टांगतात, माती-पाण्यावाचून ती काही वर्षं जगते, फुलतेसुद्धा, म्हणून तिला सब्र म्हणतात, असं तो सांगतो. दृष्ट लागू नये म्हणून दारावर उलटी टांगलेली कोरफड आपणही पाहतो. कैरोच्या बायकांना आणि आपल्या बायकांना हे एकमेकींनी सांगितलेलं नसावं. झाडानंच दोघींना सांगितलं असेल.

आता जरा मागे जाऊ. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं ‘पेरिप्लस’ नावाचं एक सागरी वाटांचं पुस्तक आहे. दक्षिण अरबस्तानच्या काने बंदरातून धूप आणि कोरफडीचा बोळ बाहेर जातो, अशी त्यात नोंद आहे. त्या बंदराचा व्यापार भडोचशी आणि सिंधूच्या मुखाकडच्या मुलखाशीही होता. आणि याच पुस्तकात आपलं कल्याण ‘कॅलिएना’ या नावानं भेटतं. बोळ कल्याणला उतरला, असं मात्र पुस्तक म्हणत नाही, म्हणून मीही म्हणत नाही.

आपल्या परसातली ही कोरफड मूळची कुठली, यावर विद्वानांचा वाद बराच काळ चालला. २०१५ मध्ये वनस्पतींच्या जनुकांवरून झालेल्या अभ्यासानं तिचं माहेर अरबस्तानच्या बाजूला दाखवलं. पण तोवर आयुर्वेदानं तिला कुमारी म्हणून घरात घेतलं होतं, आजीबाईच्या बटव्यात ती जाऊन बसली होती. माझं नाव ऐकून ‘मराठीत कसे काय लिहिता?’ असं विचारणारे लोक भेटतात. कोरफडीला मात्र कुणी गाव विचारत नाही.

आमचं शहरही बाहेरून आलेल्यांचं. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना दिली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते इथं कोनशिला बसली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. नाव बदललं, तरी पत्ता सांगताना आम्ही अजून ‘कॅम्प नंबर चार’च म्हणतो. बराकीत अंगण नव्हतं. डब्यात जगेल तेच झाड घरचं.

ती डब्यात जगते कशी? बहुतेक झाडांच्या पानांची छिद्रं दिवसा उघडतात आणि पाणी उडून जातं. कोरफड ती रात्रीच्या गारव्यात उघडते. म्हणून उन्हाळा तिला मारत नाही, मारतो तो आपला जून-जुलै. डब्याला भोकं पाडा, मातीत निम्मी वाळू घाला, पावसाळ्यात छज्जाखाली ओढा. एरवी माती पूर्ण सुकल्याशिवाय पाणी नको. मायेपोटी रोज तांब्या ओतणाऱ्यांच्याच कोरफडी कुजतात.

पान कापलं की आधी पिवळा रस गळू द्या. कडू बोळ तो हाच, आणि जुलाबही त्यानंच होतात. अशा रेचकांना अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००२ मध्ये दुकानात सरसकट विकायला मनाई केली. गरोदर बाईनं तर तो पोटात घेऊच नये. आतला गर वेगळा, भाजल्या जागी लावतात तो.

बुंध्याशी पिल्लं येतात. ती वीतभर झाली की मुळासकट सोडवा, जखम दोन दिवस सावलीत सुकू द्या, मग लावा. पुढचा आठवडाभर पाणी घालू नका.