विश्वासाचा करार आणि विक्रीची प्रेरणा : डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा उदयास्त (१९५७-१९९८)

प्रस्तावना

उद्योगसंस्थांच्या इतिहासात यंत्रे, भांडवल व बाजारपेठ यांना जेवढे स्थान मिळते तेवढे कर्मचाऱ्यांच्या मनोधैर्याला मिळत नाही. त्याचा उल्लेख आलाच तर ऱ्हासाचे एक लक्षण म्हणून शेवटच्या प्रकरणात येतो. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन (डेक) ही कंपनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस आय.बी.एम.च्या खालोखाल जगातील दुसऱ्या क्रमांकाची संगणक कंपनी होती. १९९८ मध्ये तिचे स्वतंत्र अस्तित्व संपले. वैयक्तिक संगणकाचे महत्त्व तिने वेळीच ओळखले नाही, असे कारण सामान्यतः दिले जाते. ते चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. कंपनी व तिचे कर्मचारी यांच्यातील एक अलिखित करार कसा मोडला आणि त्यासोबत विक्रीची प्रेरणा कशी ओसरली, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

अलिखित कराराचे स्वरूप

केन ओल्सन व हार्लन अँडरसन यांनी १९५७ मध्ये ७० हजार डॉलरच्या भांडवलावर मॅसॅच्युसेट्समधील मेनार्ड येथे, एका जुन्या लोकर गिरणीच्या इमारतीत ही कंपनी स्थापन केली. पीडीपी-८ (१९६५), पीडीपी-११ (१९७०) आणि व्हॅक्स (१९७७) या यंत्रांनी तिला कीर्ती मिळवून दिली. येथील अभियंत्यास स्वतःची कल्पना मांडून वरिष्ठांशी वाद घालण्याची मुभा होती.

विक्री विभागाची रचना याहून लक्षणीय होती. या व्यवसायात विक्रेत्यांना कमिशन देण्याची रूढी होती, परंतु डेकचे विक्रेते निश्चित वेतनावर काम करीत. ग्राहकाच्या गळ्यात यंत्र न मारता त्याची खरी गरज भागवावी, अशी यामागील भूमिका होती. शिवाय कर्मचारी कपात न करण्याची परंपरा कंपनीने दीर्घकाळ पाळली. म्हणजे विक्रेत्याचा उत्साह दोन आधारांवर उभा होता : नोकरीची शाश्वती आणि आपण विकतो ती वस्तू उत्तम असल्याची खात्री. व्हॅक्सच्या काळात लहान यंत्रापासून मोठ्या यंत्रापर्यंत एकच प्रणाली चालत असल्याने ही खात्री सार्थ होती.

खात्रीचा ऱ्हास

पहिला तडा दुसऱ्या आधाराला गेला. १९८२ मध्ये कंपनीने रेनबो, प्रोफेशनल व डेकमेट असे तीन वैयक्तिक संगणक एकाच वेळी बाजारात आणले. ते परस्परांशी सुसंगत नव्हते. अंतर्गत वादांतून एक निर्णय न निघाल्याने निवडीचा भार अखेर विक्रेत्यावर व ग्राहकावर पडला. पुढे १९९२ मध्ये आलेला अल्फा प्रोसेसर गतीच्या दृष्टीने अग्रेसर होता. परंतु त्यासोबत व्ही.एम.एस., युनिक्स व विंडोज एन.टी. अशा तीन प्रणालींचा पुरस्कार करावा लागला. कंपनीचा भर नेमका कशावर आहे, या ग्राहकाच्या साध्या प्रश्नाला विक्रेत्याजवळ एकच उत्तर उरले नाही.

शाश्वतीचा अंत

१९८९-९० च्या सुमारास कंपनीत १ लाख २० हजारांहून अधिक कर्मचारी होते. आरंभी स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या आणि १९९१ मध्ये सक्तीची कपात सुरू झाली. जून १९९२ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात सुमारे २.८ अब्ज डॉलरचा तोटा झाला. त्याच वर्षी ओल्सन पायउतार झाले व रॉबर्ट पामर यांनी सूत्रे स्वीकारली. १९९४ मध्ये पुन्हा २ अब्जांहून अधिक तोटा नोंदला गेला आणि आणखी २० हजार पदे कमी करण्याची घोषणा झाली. डेटाबेस व डिस्क हे व्यवसाय त्याच वर्षी विकले गेले.

येथे घटनाक्रम महत्त्वाचा ठरतो. विक्रेत्यांना कमिशन देण्याची पद्धती आली ती या पडझडीच्या काळात. उद्दिष्ट अर्थातच विक्रीला चालना देणे हे होते. परंतु कमिशनचे आमिष परिणामकारक ठरण्यासाठी विक्रेत्यास पुढील वर्षी आपण येथे असू आणि आज विकलेली वस्तू तेव्हाही कंपनीकडे असेल, हा भरवसा लागतो. नेमका तोच संपुष्टात आला होता. जुना करार मोडला आणि नवा करार रुजण्यास लागणारी भूमी उरली नाही.

मतभेद व मूल्यमापन

ओल्सन यांचे दीर्घकाळ सल्लागार असलेले एडगर शाईन यांनी २००३ मधील आपल्या ग्रंथात वेगळे मत मांडले. त्यांच्या मते कंपनीच्या संस्कृतीत नवनिर्मितीचा गुण प्रबळ होता, परंतु व्यापारी शिस्तीचा गुण रुजला नाही. हे मान्य केले तरी एक प्रश्न उरतो. व्यापारी शिस्त आणण्याचा प्रयत्न पामर यांच्या काळात झालाच, मग त्यास यश का आले नाही? शिस्त आली ती विश्वासाची जोड म्हणून नव्हे, तर त्याची जागा घेण्यासाठी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. अर्थात जुनी व्यवस्था निर्दोष होती असे म्हणता येणार नाही. नोकरीच्या शाश्वतीमुळे कटू निर्णय लांबणीवर पडले आणि त्यांची किंमत अखेर कर्मचाऱ्यांनीच मोजली.

समारोप

१९९८ मध्ये कॉम्पॅक कंपनीने डेक सुमारे ९.६ अब्ज डॉलरना विकत घेतली. तोवर कर्मचारीसंख्या निम्म्याहून कमी झाली होती. २००२ मध्ये कॉम्पॅकही ह्युलेट-पॅकार्डमध्ये विलीन झाली. डेकच्या उदाहरणावरून असे दिसते की कर्मचाऱ्यांची उदासीनता ही केवळ अपयशाची सावली नसते. संस्थेने दिलेला व न पाळलेला शब्द तिच्या मुळाशी असतो. म्हणून ताळेबंदाइतकीच अशा शब्दांची नोंद घेणे हे उद्योगाच्या इतिहासकाराचे कर्तव्य ठरते.