तारेच्या दुसऱ्या टोकाला

१८८१ साली पॅरिसमध्ये विजेचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं. एडिसनच्या दिव्यांभोवती गर्दी होतीच. पण ज्या दालनात पाहण्यासारखं काहीच नव्हतं, त्याच्या दारातही माणसं रांग लावून उभी राहत. पाळी आली की आत जायचं, भिंतीवरची दोन श्रवणयंत्रं दोन कानांना लावायची आणि दोन किलोमीटरपलीकडे ऑपेरागृहात चाललेलं गाणं ऐकायचं.

ही करामत क्लेमाँ आदेर या फ्रेंच अभियंत्याची. ऑपेराच्या रंगमंचावर पुढच्या कडेला, डावीकडे आणि उजवीकडे, त्याने टेलिफोनचे प्रेषक मांडले. नर्तकांच्या पावलांचा हादरा पोचू नये म्हणून ते शिशाच्या बैठकीवर, रबराच्या पायांवर ठेवले. तिथून निघालेल्या तारा पॅरिसच्या भुयारी गटारांमधून प्रदर्शनापर्यंत नेल्या. डावीकडचा आवाज एका कानात, उजवीकडचा दुसऱ्या. गायक रंगमंचावर चालू लागला की ऐकणाऱ्याला त्याचा आवाजही सरकल्यासारखा वाटे. स्टिरिओ हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी लोकांनी त्याचा अनुभव घेतला, तो असा. त्याच नोव्हेंबरात व्हिक्टर ह्यूगोने नातवंडांबरोबर हे ऐकलं आणि त्याची नोंद ठेवली.

पुढे याचाच धंदा झाला. थेयात्रोफोन नावाच्या कंपनीने हॉटेलं आणि कॅफेंमध्ये नाण्यावर चालणारी यंत्रं बसवली. पन्नास सांतीम टाकले की पाच मिनिटं नाटक-संगीत ऐकायला मिळे. ज्यांना परवडे ते वर्गणी भरून घरीच जोडणी घेत. दम्याने खोलीत अडकून पडलेला मार्सेल प्रूस्त १९११ मध्ये असा वर्गणीदार झाला आणि त्याने वाग्नर आणि दब्युसीचे ऑपेरा अंथरुणातून ऐकले. लंडनमध्ये १८९५ पासून इलेक्ट्रोफोन नावाची अशीच सेवा होती. तिची वर्षाची वर्गणी पाच पौंड, म्हणजे कामगाराच्या कुवतीबाहेरची. नाट्यगृहांइतकीच तिथे चर्चमधल्या प्रवचनांनाही मागणी होती.

घरात आवाजाची तार घेण्याचा इतिहास असा रेडिओच्याही आधी सुरू होतो. आज नवं घर बांधणारा माणूस दिवाणखाना, स्वयंपाकघर, गच्ची अशा ठिकाणी स्पीकरच्या वायरी टाकून घेतो, तेव्हा तो याच परंपरेतलं काम करत असतो. मात्र तारेच्या दुसऱ्या टोकाला आज तो स्वतः बसलेला असतो. पूर्वी तिथे दुसरंच कुणी असे.

बुडापेस्टमध्ये ते ‘दुसरं कुणी’ म्हणजे एक अख्खं वृत्तपत्र होतं. एडिसनबरोबर काम केलेल्या तिवादार पुश्काशने १५ फेब्रुवारी १८९३ रोजी ‘तेलेफोन हिरमोंदो’ सुरू केलं. छापील कागदाऐवजी तारेतून येणारं दैनिक. सकाळी बातम्या, मग शेअर बाजाराचे भाव, संसदेतली भाषणं, दुपारी अचूक वेळ, संध्याकाळी ऑपेरा, आणि आठवड्यातून एकदा मुलांचा कार्यक्रम. प्रत्येक वर्गणीदाराला दोन श्रवणयंत्रं मिळत, म्हणजे नवरा-बायको एकाच वेळी ऐकू शकत. सेवा सुरू झाल्यावर महिन्याभरातच पुश्काश वारला. तरी ती वाढत जाऊन सहा हजारांहून जास्त घरांत पोचली. ठरलेल्या वेळेला ठरलेला कार्यक्रम ही पुढे साऱ्या रेडिओ केंद्रांनी उचललेली पद्धत बुडापेस्टच्या घरांमध्ये तेव्हाच रुळली होती.

या सगळ्या सेवांना एकच मोठी अडचण होती. आवाज वाढवणारं यंत्र अजून जन्मलं नव्हतं. प्रेषकातून निघालेला क्षीण विद्युतप्रवाह जितक्या घरांत वाटावा तितका आणखी क्षीण होई. म्हणून बुडापेस्टमध्ये बातम्या वाचायला खड्या आवाजाची माणसं नेमावी लागत आणि ती दमली की बदलावी लागत. ऐकणाऱ्यालाही यंत्र कानाला लावून बसून राहावं लागे. खोलीभर आवाज पसरवणं शक्यच नव्हतं.

थॅडियस काहिल या अमेरिकन संशोधकाने यावर धडक उपाय शोधला. आवाज वाढवता येत नसेल, तर मुळातच प्रचंड ताकदीचा निर्माण करायचा. त्याचं ‘टेलहार्मोनियम’ म्हणजे विजेच्या जनित्रांचा डोंगर. वेगवेगळ्या वेगाने फिरणारी जनित्रं वेगवेगळे स्वर तयार करत आणि वादक पट्ट्यांवरून ते वाजवत. सुमारे दोनशे टनांचा हा पसारा रेल्वेने न्यूयॉर्कला आणून १९०६ मध्ये ब्रॉडवेवरच्या एका इमारतीत मांडला. तिथून तारांनी हॉटेलं आणि उपाहारगृहांत संगीत जाऊ लागलं. टेलिफोनच्या श्रवणयंत्रावर कर्णा बसवला की जेवणाच्या दालनात ते ऐकू येई. पण इतका जबर प्रवाह शेजारच्या टेलिफोनच्या तारांत झिरपे आणि बोलणाऱ्यांच्या संभाषणात मध्येच सूर घुमू लागत. तक्रारी वाढल्या, पैसा आटला, कंपनी बुडाली.

काहिलचं यंत्र न्यूयॉर्कला पोचलं त्याच वर्षी ली डी फॉरेस्टने तीन अग्रांची निर्वात नळी बनवली. ती आवाज वाढवू शकते हे नीट उमगायला आणखी काही वर्षं गेली. १९१५ मध्ये कॅलिफोर्नियात पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी आपल्या ध्वनिवर्धकातून जाहीर कार्यक्रमात हजारोंच्या जमावाला आवाज ऐकवला. पुढे दहा वर्षांत आजच्या स्पीकरचा मूळ सांगाडा, म्हणजे चुंबकात हलणारं वेटोळं आणि त्याला जोडलेला कागदी शंकू, पक्का झाला. आता एका खोलीतल्या यंत्राने शंभर घरं बोलकी करता येणार होती.

आणि तसंच झालं. १९२० च्या दशकात रेडिओ संच महाग होता. त्याला बॅटऱ्या लागत, उंच एरियल लागे, कळ फिरवून केंद्र पकडण्याचं कसब लागे. हॉलंडमधल्या आणि इंग्लंडमधल्या काही खटपट्या लोकांनी यातून वाट काढली. गावात एकच उत्तम रेडिओ ठेवायचा, त्याचा आवाज वाढवायचा आणि घराघरांत तार नेऊन टोकाला फक्त स्पीकरची पेटी बसवायची. ग्राहकाने आठवड्याला थोडं भाडं भरायचं. इंग्लंडमध्ये १९२८ साली स्थापन झालेल्या ब्रॉडकास्ट रिले सर्व्हिस या कंपनीने हा व्यवसाय मोठा केला आणि ‘रेडिफ्यूजन’ हे तिचं नाव जगभर पोचलं. गिरणी आणि खाणकामगारांच्या वस्त्यांत खिडकीच्या चौकटीवर कार्यक्रम निवडायचं गोल बटण आलं.

बटणावर दोनच खाचा असोत की चार, त्यात काय भरायचं हे कंपनी ठरवे. बीबीसीचा रविवार तेव्हा प्रवचनांचा आणि गंभीर संगीताचा असे. रिले कंपन्या त्या दिवशी रेडिओ लक्झेंबर्गची हलकीफुलकी गाणी आणि जाहिराती तारेत सोडत. लोक खूश, बीबीसी अस्वस्थ. १९३६ मध्ये सरकारने नेमलेल्या अल्सवॉटर समितीने या तारा टपाल खात्याने ताब्यात घ्याव्यात आणि त्यांतले कार्यक्रम बीबीसीने ठरवावेत अशी शिफारस केली. सरकारने ती मान्य केली नाही. पण घरातल्या एका साध्या तारेची दखल संसदेच्या पातळीवर घ्यावी लागली, यातच तिची ताकद दिसते.

१९४९ मध्ये रेडिफ्यूजन सिंगापूर आणि हाँगकाँगला पोचलं. सिंगापूरमध्ये महिना पाच डॉलर भरले की पेटी मिळे. कॉफीच्या दुकानांत ती सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असे. कँटोनीज, होक्किएन, तिओच्यू या बोलींमध्ये कथा सांगणारे कलावंत या पेटीमुळे घरोघरी पोचले. त्यांतला ली दाई सोर हा कँटोनीज कथेकरी इतका लोकप्रिय, की त्याच्या वेळेला गिऱ्हाइकं चहाचा पेला घेऊन पेटीपाशी बसून राहत. पुढे सरकारने मँडरिनचा पुरस्कार सुरू केला आणि १९८२ मध्ये बोलींमधले कार्यक्रम बंद झाले. पेटी भिंतीवर होती, तार शाबूत होती, पण घरातल्या म्हाताऱ्यांची भाषा तिच्यातून येईनाशी झाली.

सोव्हिएत संघात तारेचं दुसरं टोक सरळ सत्तेच्या हातात होतं. तिथे घरबांधणीतच रेडिओची स्वतंत्र खोबण येई, बहुधा स्वयंपाकघरात. तिला जोडलेल्या पेटीवर आवाज कमी-जास्त करायचं बटण असे. केंद्र निवडायचं नसे, कारण सुरुवातीला कार्यक्रम एकच होता. जून १९४१ मध्ये जर्मनीने हल्ला केला तेव्हा नागरिकांचे खासगी रेडिओ संच जमा करून घेतले गेले. उरली ती तार.

त्याच तारेने लेनिनग्राडला वेढ्याच्या काळात धीर दिला. सप्टेंबर १९४१ पासून जानेवारी १९४४ पर्यंत शहर उपासमारीत आणि तोफांच्या माऱ्यात अडकलेलं होतं. कार्यक्रम चालवायलाही माणसं पुरेनात, तेव्हा दोन निवेदनांच्या मधल्या वेळेत तारेतून लंबकाचे ठोके सोडले जात. संथ ठोके म्हणजे धोका नाही. जलद ठोके म्हणजे विमानं येताहेत, तळघर गाठा. कवयित्री ओल्गा बेर्गोल्त्सचा आवाज याच पेट्यांतून अंधाऱ्या, गोठलेल्या खोल्यांत पोचत होता. ९ ऑगस्ट १९४२ रोजी अर्धपोटी वादकांनी शोस्ताकोविचची सातवी सिंफनी वाजवली, तीही शहराने या तारांवर ऐकली. माणसाला काय ऐकायचं ते निवडू न देणारी व्यवस्था आणि त्याला जगवणारी व्यवस्था तिथे एकच होती, आणि या इतिहासातली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट हीच आहे.

युरोपात अन्यत्र तार शांतपणे संसार करत राहिली. डोंगरदऱ्यांमुळे रेडिओ नीट न पकडणाऱ्या स्वित्झर्लंडने १९३१ पासून टेलिफोनच्या तारांवरच कार्यक्रम दिले. ती सेवा १९९० च्या दशकाच्या अखेरपर्यंत टिकली. इटलीने १९५८ मध्ये अशीच सहा वाहिन्यांची सेवा सुरू केली. अमेरिकेत जनरल जॉर्ज स्क्वायर यांच्या संशोधनातून ‘म्यूझॅक’ उभं राहिलं. १९३४ मध्ये क्लीव्हलँडच्या घरांपासून त्याची सुरुवात झाली. पण घरांना तोवर रेडिओ मिळाला होता, म्हणून कंपनीने आपली तार हॉटेलं, कचेऱ्या आणि कारखान्यांकडे वळवली.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे तंत्र अनोळखी नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या माइकवरून वर्गावर्गांतल्या पेट्यांत जाणारी सूचना, रेल्वे फलाटांवरच्या घोषणा, हे सारं त्याच घराण्यातलं. अशा ठिकाणी बहुतेकदा ‘शंभर व्होल्ट लाइन’ वापरतात. अँप्लिफायर आवाज चढ्या दाबाने पाठवतो, म्हणून लांबवर बारीक वायरही पुरते. प्रत्येक स्पीकरपाशी छोटा ट्रान्सफॉर्मर तो दाब उतरवून घेतो. एका लाइनवर डझनभर स्पीकर लावले तरी अडत नाही.

घरात संगीतासाठी मात्र बहुधा आठ ओहमचे साधे स्पीकर लागतात आणि तिथे गणित बदलतं. एका अँप्लिफायरला असे दोन स्पीकर समांतर जोडले की भार चार ओहमवर येतो, चार जोडले की दोनवर. अँप्लिफायर तापतो, जळतो. म्हणून प्रत्येक खोलीची वायर वेगळी काढून एका जागी आणायची ही पद्धत पडली.

तारेचं दुसरं टोक घरमालकाच्या हाती आलं ते १९५० च्या दशकात, अमेरिकन उपनगरांत. नूटोनसारख्या कंपन्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीत मुख्य यंत्र आणि खोल्याखोल्यांत छोटे स्पीकर बसवायला सुरुवात केली. गृहिणी ओट्यापाशी उभं राहून घरभर रेडिओ लावी, मुलांना जेवायला हाक मारी, दाराशी कोण आलंय ते विचारी, पाळण्यातलं बाळ रडतंय का ते ऐके. या वायरी घर बांधतानाच टाकल्या जात.

१९८० च्या दशकात भिंतीत सपाट बसणारे स्पीकर आले आणि घराची ध्वनिव्यवस्था करून देणारा स्वतंत्र पेशा तयार झाला. १९८९ मध्ये सीडिया ही त्यांची संघटना स्थापन झाली. बिल गेट्सच्या १९९७ मध्ये पुऱ्या झालेल्या घरात पाहुण्याच्या छातीवरची इलेक्ट्रॉनिक पिन त्याची ओळख सांगे आणि त्याच्या आवडीचं संगीत खोलीमागून खोलीत त्याच्याबरोबर फिरे. २००५ मध्ये सोनोस या कंपनीने बिनतारी जाळ्यावर चालणारी यंत्रं बाजारात आणली. भिंत न फोडता घरभर संगीत मिळू लागलं आणि स्पीकरच्या वायरीचा काळ संपला असं अनेकांना वाटलं.

तो संपलेला नाही. सिमेंटच्या भिंती आणि सळयांचे स्लॅब रेडिओ लहरी अडवतात, आणि बिनतारी स्पीकरलाही वीज लागतेच. म्हणून जाणकार वायरमन आजही गिलाव्याआधी भिंतीला झिरी मारून, स्लॅबमध्ये पाइप सोडून प्रत्येक खोलीपर्यंत स्पीकरची तांब्याची जोडवायर नेतो, आणि शेजारी नेटवर्कची केबलही. अंतर लांब असेल तर वायर जाड घेतो. विजेच्या लाइनपासून ती दूर ठेवतो, आणि एखादा पाइप मुद्दाम रिकामा सोडतो. अमेरिकेत पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या घरांतली मुख्य यंत्रं केव्हाच बंद पडली; पण भिंतीतल्या तारा चांगल्या आहेत. त्यामुळे जुन्या यंत्राच्या चौकोनी खाचेत नेमकं बसेल असं नवं यंत्र काही कंपन्या आजही विकतात. त्याला फोन जोडला जातो, आणि १९६० च्या दशकात ओढलेल्या तारांवरून घरमालकाने निवडलेलं गाणं खोल्याखोल्यांत जातं.