नदीचे विष, खाणीचे धन: धातू सोडवणाऱ्या जिवाणूंचा इतिहास

१/६
स्पेनच्या नैर्ऋत्येस रिओ तिंतो ही नदी वाहते. तिचे पाणी तांबडे, अत्यंत आम्लधर्मी. तेथील खाणींच्या पाण्यात अठराव्या शतकापासून लोखंड टाकीत आणि त्यावर साचलेले तांबे खरवडून घेत. पण खडकातले तांबे पाण्यात उतरवतो कोण, हे कुणासच ठाऊक नव्हते.

२/६
उत्तर सापडले ते कोळशाच्या खाणीत. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियात खाणींतून झिरपणारे आम्ल ओढ्यांचा जीव घेत होते. १९४७ मध्ये कोल्मर आणि हिंकल यांनी दाखवले, की त्या पाण्यातील लोहाचे ऑक्सिडीकरण जिवाणू घडवतात. १९५१ मध्ये जिवाणूला नाव मिळाले: थायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स. आज त्याला ॲसिडिथायोबॅसिलस म्हणतात.

३/६
त्याचे काम असे: फेरिक लोह सल्फाइड खनिजातील तांबे मोकळे करते आणि त्या क्रियेत स्वतः फेरस होते. जिवाणू त्यातून ऊर्जा मिळवत त्याला पुन्हा फेरिक करतो. चक्र चालू राहते. आम्लधर्मी पाण्यात जिवाणूंमुळे या ऑक्सिडीकरणाचा वेग दहा लाख पटींहून अधिक वाढतो, असे सिंगर आणि स्टम यांनी १९७० मध्ये मांडले.

४/६
उद्योगाने मात्र तोवर वाट पाहिली नव्हती. तांबे काढणाऱ्या केनेकॉट कंपनीला १९५८ मध्येच या पद्धतीचे पेटंट मिळाले. १९८६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील फेअरव्ह्यू खाणीत सोन्याची पाळी आली. तेथे जिवाणू सोने विरघळवत नाहीत. सोन्याला कोंडून ठेवणारे सल्फाइड खनिज तेवढे फोडतात.

५/६
आज विद्यार्थी संशोधक जुन्या सर्किट बोर्डांतील तांब्यावर हेच प्रयोग करतात. जाणता मार्गदर्शक त्यांना आधी दोन चंबू भरायला लावतो: एकात जिवाणू, दुसरा निर्जंतुक. दोहोंतील तांबे मोजल्याखेरीज श्रेय जिवाणूंचे की नुसत्या आम्लाचे, हे ठरत नाही. कोल्मर-हिंकल यांच्या शोधाचा पायाही हीच तुलना होती.

६/६
दुसरा धडा अधिक गंभीर आहे. ओढा मारणारा आणि तांबे मिळवून देणारा जिवाणू एकच. फरक पडतो तो ढिगाऱ्याखालच्या अभेद्य अस्तराने आणि द्रावण बाहेर न सोडता पुन्हा फिरवण्याच्या शिस्तीने. खाण बंद झाली तरी जिवाणूंचे काम थांबत नाही. म्हणून धातू किती मिळाला, या प्रश्नाबरोबरच उरलेले पाणी कुठे गेले, हेही विचारले पाहिजे.