भाकरतुकडा, पक्वान्न आणि नीती

शहरांतल्या बेकऱ्यांत हल्ली नाचणीची बिस्किटे आणि ज्वारी-बाजरीचे केक मांडलेले दिसतात. मैद्याच्या बिस्किटांपेक्षा त्यांची किंमत जास्त असते. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले आणि आपल्या सरकारने या धान्यांचे 'श्रीअन्न' असे बारसे केले. कोकणातला महार-कुळवाडी पिढ्यान्‌पिढ्या नाचणीवर जगला, मराठवाड्यातला महार-मांग ज्वारीवर जगला. तेव्हा या धान्याला कोणी 'श्री' लावले नव्हते. गव्हाची पोळी आणि तांदळाचा भात ही सणावाराची चैन होती, आणि भाकरी ही गरिबीची खूण होती. धान्य तेच राहिले. खाणारा बदलला आणि त्याचे मोल बदलले.

घरच्या स्वयंपाकाविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते त्यात तीन शब्द सारखे येतात : चैन, काटकसर आणि सात्त्विकता. हे शब्द पदार्थाचे गुण सांगतात असे आपण धरून चालतो. इतिहास तपासला तर दिसते ते असे की, हे शब्द बहुतेक वेळा पदार्थाविषयी बोलतच नाहीत. ते खाणाऱ्याच्या जातीविषयी बोलतात. हे एकदा ध्यानात आले म्हणजे आपल्या समाजाने अन्नाच्या बाबतीत घेतलेल्या एका निर्णयाचे खरे मोठेपण कळते. त्या निर्णयाकडे येण्याआधी थोडे मागे गेले पाहिजे.

१

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. मराठवाड्याच्या शिवेला लागूनच. राजाने कोणकोणते उपभोग घ्यावेत याचे वर्णन या ग्रंथात आहे आणि त्यात 'अन्नभोग' असा एक भाग आहे. दुधाचे पदार्थ, वडे, शिखरिणी हे सगळे त्यात आहेच. पण त्याबरोबर रानडुकराचे केस काढून त्याचे तुकडे निखाऱ्यावर कसे भाजावेत हे आहे. आतडी भरून ती कशी भाजावीत हे आहे. रक्त घालून शिजवलेले मांस आहे, भाजलेले कासव आहे. आणि शेतात, नदीकाठी वाढलेले काळे धष्टपुष्ट उंदीर तेलात टाकून केस काढून, मीठ-आंबट लावून कसे शिजवावेत याचीही कृती आहे.

सगळीकडे हिंगाचे पाणी, सैंधव, वेलदोडा यांचा हात सढळ आहे. संस्कृत पंडितांना हा ग्रंथ अभ्यसनीय वाटतो. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने तो तीन खंडांत छापला. त्यातल्या उंदरामुळे सोमेश्वर राजा विटाळला असे कोणी म्हटले नाही.

आता त्याच मुलखातल्या महारवाड्यात आणि मांगवाड्यात या. तिथे बोकडाचे रक्त वाया जाऊ देत नसत. ते गोठवून, तुकडे करून, कांदा-मिरचीत परतत. त्याला रक्ती म्हणत. वजडी, मुंडी, पाय यांतले काही टाकत नसत. बिहारातल्या मुसहर जातीचे तर नावच उंदरावरून पडले असे सांगतात, आणि ते नाव शिवीसारखे वापरले गेले. राजाच्या मुदपाकखान्यात जो भोग होता तो वाड्याबाहेर किळस ठरला. पदार्थात फरक कोठे आहे? हिंगाच्या पाण्यात आहे असे कोणी म्हणेल तर म्हणो.

२

ज्याला आपण धर्मग्रंथ म्हणतो त्यांनी या भेदाला शास्त्राचे रूप दिले. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्र सेवकाला उरलेले अन्न आणि जुनी वस्त्रे द्यावीत असे सांगितले आहे. चांडाळाला अन्न द्यायचे ते फुटक्या भांड्यात, आणि तेही परक्याच्या हातून. म्हणजे उष्टे खाणे ही त्याची आवड म्हणून नव्हे, त्याचा धर्म म्हणून नेमून दिले गेले. भगवद्गीतेचा सतरावा अध्याय मात्र अन्नाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन वर्ग पाडतो आणि शिळे, नासलेले, उष्टे अन्न तामसी माणसाला प्रिय असते असा निर्वाळा देतो. दोन्ही वचने शेजारी ठेवून पाहावीत. एका ग्रंथाने उष्टे हातात दिले आणि दुसऱ्याने ते हातात आहे म्हणून स्वभावच हीन ठरवला. ज्याला निवडायला काही ठेवलेच नाही त्याच्या आवडीवरून त्याची नीती मोजण्याचा हा प्रकार आहे.

गावगाड्यात या शास्त्राची अंमलबजावणी बलुत्याच्या रूपाने झाली. परंपरेने महारांचे बावन्न हक्क सांगितले जातात. मेलेल्या जनावरावरचा हक्क त्यांत येतो. येसकर पाळीचा महार संध्याकाळी खांद्यावर घोंगडी आणि हातात घुंगराची काठी घेऊन दारोदार भाकर मागत फिरे. दिवसभराच्या राबणुकीचा तो मोबदला होता, पण तो मजुरी म्हणून मिळत नसे, भीक म्हणून मिळे. आणि घेणारा त्याला 'हक्क' म्हणे. बाबासाहेबांना पुढे जी लढाई करावी लागली ती जितकी गावाशी होती तितकीच या शब्दाशी होती.

३

मराठीत पाकशास्त्राची पुस्तके एकोणिसाव्या शतकापासून निघू लागली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ चे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र' १९१० मध्ये आले. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० नंतर वाटी-चमच्याच्या मापाने कित्येक नवविवाहितांना स्वयंपाक शिकवला. ही पुस्तके उपयोगाची आहेत, त्यांच्या कर्त्यांचे कष्टही खरे आहेत. पण त्यांतले स्वयंपाकघर भरल्या कोठीचे आहे. तूप, केशर, बदाम हे तिथे सणाला लागतातच.

त्या स्वयंपाकघरात काटकसरीलाही मान आहे. कालच्या पोळ्या उरल्या तर कुस्करून फोडणीला घालणारी बाई सुगरण ठरते. महारवाड्यातली बाईही हेच करीत होती, आणि याहून कठीण करीत होती. वीस घरांच्या वीस तऱ्हेच्या भाकरी टोपलीत येत : ज्वारीची, बाजरीची, एखादी करपलेली, एखादी कालची, वर कोणाच्या तरी कालवणाने भिजलेली. ती त्या निवडी. ओल्या आधी खायच्या, बाकीच्या वाळवून कुटके करून ठेवायचे, आणि पावसाळ्यात काम नसले की ते मीठ-मिरचीच्या पाण्यात शिजवायचे. मांस मिळाले तर त्याच्या लांब पट्ट्या कापून वलणीवर वाळत घालायच्या. या चान्या महिनोन्‌महिने टिकत. निखाऱ्यावर भाजल्या की भाकरीबरोबर चालत, डाळीत टाकल्या की घरभर पुरत. चरबी वितळवून ठेवली की तेलाचा खर्च वाचे. ही काटकसर नव्हे तर काय? परंतु ती कोणत्या पाकशास्त्राच्या पुस्तकात आली नाही. आली ती आत्मकथनांत : दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८), बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये (१९८६), आणि तीही भुकेच्या आठवणी म्हणून. या स्वयंपाकाला स्वयंपाक म्हणून पुस्तकात जागा मिळाली ती शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात.

येथे एक भेद काटेकोरपणे केला पाहिजे, नाही तर आपणच गल्लत करू. शिळे आणि उष्टे यांत फरक आहे. आपल्या चुलीवरची कालची भाकर आज खाणे ही काटकसर. दुसऱ्याच्या ताटातले उरलेले हात पसरून घेणे ही गुलामी. चव दोन्हींची एक असेल, पोटही दोन्हींनी भरेल. पण पहिल्यात घरधनीण मालकीण असते, दुसऱ्यात ती कोणीच नसते.

४

वरिष्ठ वर्गालाही अन्नाच्या नीतीचा प्रश्न पडला नव्हता असे नाही. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये १८९० साली न्यायमूर्ती रानडे, टिळक आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली आणि १८९२ मध्ये रानड्यांसारख्या सुधारकानेही प्रायश्चित्त घेतले. ख्रिस्त्याच्या घरच्या बिस्किटाने कोणाचे पोट बिघडले नव्हते. प्रश्न होता तो बिस्किट कोणाच्या हातचे याचा. आणि तो मिटवायला एक विधी पुरेसा झाला.

या प्रकरणानंतर पस्तीस वर्षांनी, १९ आणि २० मार्च १९२७ रोजी, महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याच्या पाण्यामुळे ही परिषद आपल्याला ठाऊक आहे, आणि ते योग्यच आहे. पण पाण्याबरोबर अन्नाचाही निर्णय तिथे झाला, हे पुष्कळदा विसरले जाते. मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, उष्ट्या तुकड्यांसाठी दारोदार जाऊ नका, असे बाबासाहेबांनी लोकांना बजावले. मृतमांस खाण्याला कायद्याने बंदी करावी अशी मागणीही परिषदेच्या ठरावांत होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, मनुस्मृतीच्या दहनानंतर, बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले आणि असले मांस घरात येऊ देऊ नका असे त्यांनी त्यांना सांगितले. चूल कोणाच्या हातात आहे हे ते जाणून होते. परिषदेत पुरुषांनी हात वर केले तरी ठराव खरा व्हायचा होता तो चुलीपाशी.

या निर्णयाची किंमत मोजून पाहा. मांसाहार सोडणारा सुखवस्तू गृहस्थ एक पदार्थ सोडतो आणि त्याच्या जागी दुसरा घेतो. महाडला जमलेल्या माणसांकडे दुसरा पदार्थ नव्हता. ते फुकटचे मांस सोडत होते आणि त्याबरोबर कातडे, हाडे, शिंगे यांतून येणारे दोन पैसेही. शिवाय मढे ओढायचे नाकारले की गाव बलुते बंद करणार, वाट अडवणार, दाणागोटा मिळू देणार नाही, हे उघड होते, आणि अनेक गावांत तसेच झाले.

या निर्णयाने महारांचे नुकसान कसे होते याचा हिशेब मांडणारी पत्रे 'केसरी'तही आली. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी ही आठवण सांगितली. खुर, शिंगे, चामडे यांची किंमत लावणाऱ्या त्या गृहस्थाला त्यांचा सवाल सरळ होता : यात एवढा फायदा आहे तर हे काम तुम्हीच का घेत नाही? या सवालाला उत्तर नव्हते, कारण तो हिशेब लिहिणाऱ्यालाही माहीत होते की काही गोष्टी फायद्याच्या असल्या तरी माणूस त्या करीत नाही. तेवढाच हक्क महार मागत होता. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात विधेयक आणले. कनिष्ठ वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. लोकांनी मात्र कायद्याची वाट पाहिली नाही.

अन्नाच्या नीतीचा इतिहास लिहायचा तर त्यातले पहिले पान या उपाशी माणसांचे आहे. ज्याचे पोट भरलेले आहे त्याने एक घास नाकारला तर ते व्रत होते. पुढचा घास कोठून येणार हे ठाऊक नसताना हातातला नाकारणे ही क्रांती होते.

५

या क्रांतीची एक दुसरी बाजूही आपण मान्य केली पाहिजे. उष्टे टाकताना आपल्यापैकी पुष्कळांनी आजीचे स्वयंपाकघरही टाकले. शिकलेल्या घरांत रक्ती, चान्या, कुटके हे शब्द मुलांपुढे उच्चारायचे नाहीत असा अलिखित नियम झाला. पाहुण्यापुढे शिरा-पुरी ठेवायची आणि शेजाऱ्याने विचारले तर 'आम्ही सोमवारी खात नाही' म्हणायचे. बाबासाहेबांचा रोख मृतमांसावर आणि उष्ट्यावर होता. लाज त्यांनी दारिद्र्याची धरायला सांगितली नव्हती, लाचारीची धरायला सांगितली होती. मूठभर डाळीत दहा तोंडे भागवणाऱ्या बाईची कला ही लपवण्याची गोष्ट नाही. ती लिहून ठेवली नाही तर उद्या तीही कोणी तरी नवे नाव देऊन बेकरीच्या कपाटात मांडील आणि आपल्यालाच विकील.

दुसऱ्या बाजूने, निवडीचा हक्कच पुन्हा वादात आला आहे. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गोहत्येवर बंदी होती. २०१५ च्या दुरुस्तीने ती बैल आणि वळूंपर्यंत नेली. त्यामुळे दलित आणि मुसलमान वस्त्यांतले स्वस्त मांस गेले. परराज्यातून आणलेले असे मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केले, कत्तलबंदी मात्र कायम ठेवली. त्याच वर्षी जुलैत गुजरातेतील उना येथे मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना उघड्यावर मारहाण झाली आणि तिथल्या दलितांनी मढी उचलणेच थांबवले. महाडचा निर्णय नव्वद वर्षांनी दुसऱ्या प्रांतात पुन्हा घ्यावा लागला, यावरून आपण कोठवर आलो ते कळते.

कोणी म्हणेल, महाडच्या परिषदेनेही कायद्याने बंदी मागितली होती, मग आजच्या बंदीला हरकत का? हरकत यासाठी की, ती मागणी खाणाऱ्यांनी स्वतःसाठी, स्वतःच्या सभेत, स्वतःच्या मुक्तीसाठी केली होती. आजची बंदी ज्यांच्या ताटावर पडली त्यांना कोणी विचारले नाही. आणि महाडने नाकारले होते ते मेलेल्या जनावराचे मांस. कसायाच्या दुकानातून स्वतःच्या पैशाने आणलेले मांस नव्हे.

काय खावे हे ज्याचे त्याने ठरवावे. नाचणीचे बिस्किट खाणाऱ्याने ते खुशाल खावे, शाकाहार पाळणाऱ्याने तो पाळावा. आमचे म्हणणे इतकेच की, चैन, काटकसर आणि सात्त्विकता यांचा न्याय करणाऱ्याने आधी ताटामागचा माणूस पाहावा : त्याला निवड होती की नव्हती, आणि निवड नसतानाही ती त्याने कशी केली. महाडहून परतलेल्या बायांनी ती केली. त्या रात्री त्यांच्या चुलीवर काय शिजले असेल, की काहीच शिजले नसेल, हे कोणत्याही पाकशास्त्राच्या पुस्तकात नाही. ते शोधून लिहिणे हे आपल्या विद्यार्थ्यांचे आणि शिक्षकांचे काम आहे. ज्यांनी ते पाहिले-ऐकले अशा म्हाताऱ्या अजून काही घरांत आहेत. त्यांच्यापाशी जाऊन बसले पाहिजे.